पदं ठेवून नाटक कापू नका: संगीत नाटकं नव्याने उभी करणाऱ्यांना खुलं पत्र

जुनी संगीत नाटकं पुन्हा रंगमंचावर आणणाऱ्या निर्माते, दिग्दर्शक आणि रंगावृत्तीकार (मूळ संहिता प्रयोगासाठी बेतून देणाऱ्या) मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही 'सौभद्र' करता, 'मानापमान' करता, 'संशयकल्लोळ' करता, त्यासाठी पदरचे पैसे घालता, गाणारे नट शोधत गावोगाव फिरता. याबद्दल आधी मनापासून आभार. मी कोकणातल्या हौशी संस्थांच्या संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो. रंगमंचाच्या खाली, एका कडेला बसून वर नटाच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं आणि त्याला सूर द्यायचा, हे माझं काम. पाठीमागे प्रेक्षक असतात. ते दिसत नाहीत, पण कुठे रंगले आणि कुठे चुळबुळले ते बरोबर ऐकू येतं. तिथे बसून जे लक्षात आलं, ते तुम्हाला लिहितो आहे.

नाटक अडीच तासांत बसवायचं म्हणून तुम्ही कात्री हातात घेता, आणि ती चालते गद्यावर. प्रवेश जातात, विनोदी पात्रं जातात, दोन पात्रांमधलं भांडण चार वाक्यांवर येतं. पदं, म्हणजे नाटकातली गाणी, मात्र लोकांना हवीत म्हणून राहतात, आणि तीही आलाप-तानांसकट पूर्ण विस्ताराने. पडदा पडतो तेव्हा प्रेक्षकाने अकरा-बारा चांगली गाणी ऐकलेली असतात आणि त्याला गोष्ट कळलेली नसते. जाणत्यांना गोष्ट आधीच पाठ असते, त्यांचं काही अडत नाही. पहिल्यांदा आलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी मात्र पुन्हा येत नाही. ज्या नव्या प्रेक्षकासाठी म्हणून ही काटछाट केली, तोच तिच्यामुळे बाहेर राहतो.

काटछाट करूच नका असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पाच अंकी नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं, तेव्हा प्रेक्षकाकडे अख्खी रात्र होती. आज नाट्यगृहाचं सत्र ठरावीक तासांचं असतं आणि शेवटची लोकल किंवा एसटी कुणासाठी थांबत नाही. कापावं लागणारच. काय कापायचं, एवढाच माझा मुद्दा आहे, आणि त्यासाठी 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' लिहून मराठी संगीत नाटकाचा पाया घालणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांकडे जाऊ या, कारण आजच्या रंगावृत्तीला लागणारं बरंचसं त्यांच्याकडे तयार आहे.

31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. त्यात पदांची संख्या दोनशेच्या घरात. 1882 च्या नोव्हेंबरात 'सौभद्र' आलं, त्यातही शंभराहून अधिक. आजच्या हिशेबाने एकेका पदाला सात-आठ मिनिटं धरली तर 'सौभद्र' दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालेल. म्हणजे ती पदं तशी गायली जात नव्हती, हे उघड आहे. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा छोट्या रचना, कुठे कीर्तनातली चाल, कुठे लावणीची, कुठे कर्नाटकातून आलेली, कुठे बायकांच्या गाण्यातली. अर्धं-पाऊण मिनिट गायचं आणि पुन्हा बोलण्यावर यायचं. पदात प्रश्न विचारायचा, समोरच्याने पदात उत्तर द्यायचं. बातमी सांगायची तीही पदात, आणि चिडायचं तेही पदातच. गाणं तिथे बोलण्याचाच एक प्रकार होता. अर्जुनाचं काम करणाऱ्या मोरोबा वाघोलीकरांना आणि सुभद्रा करणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांना गळे होतेच, पण ते गळे नाटकाच्या वेगाने धावायचे.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी ख्याल-ठुमरीच्या बंदिशींचं वैभव नाटकात आणलं. 1911 चं 'मानापमान' आणि 1916 चं 'स्वयंवर' यांनी महाराष्ट्राला शास्त्रीय संगीत ऐकायला शिकवलं. ज्या घरात कधी मैफल झाली नाही, त्या घरातल्या आजीला भीमपलास ओळखता येऊ लागला. हे ऋण फार मोठं आहे आणि मी स्वतः त्याच्यावरच जगलो. पण त्याबरोबर वन्स मोअर आले, पदं लांबली, आणि नाटक पदांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसायला शिकलं. बालगंधर्वांच्या वेळी निदान मधलं गद्य शाबूत होतं. आपण तेही काढून टाकलं. आज आपण जिला परंपरा म्हणून जपतो, ती 'सौभद्र'च्या जन्मानंतर तीस-पस्तीस वर्षांनी रुजलेली पद्धत आहे. तिच्या मागे जाऊन पाहिलं तर पहिलं 'सौभद्र' वेगवान, खेळकर, बोलकं नाटक होतं. नव्या प्रेक्षकाला हवं ते तिथेच सापडतं.

'सौभद्र'मधली एक जागा उदाहरण म्हणून घेतो. कृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचं सांगतो ते पद, 'प्रिये पहा'. देसकार रागात ते इतकं सुंदर बसलं आहे की कुठलाही गायक तिथे थांबणार. तो थांबतो, मीही मागे सूर भरत राहतो, आणि रुक्मिणी? ती बिचारी पदर हाताशी धरून, ओठांवर हसू ठेवून सहा-सात मिनिटं उभी असते. तिला दिग्दर्शकाने काहीच दिलेलं नसतं. खरं तर या प्रवेशात तिच्या डोक्यात नणंदेच्या लग्नाची काळजी आहे. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायची ठरवली आहे आणि आपला नवरा काही करताना दिसत नाही. कृष्णाचं सगळं आधीच ठरलेलं आहे आणि तो तिला दाद लागू देत नाही. एवढं नाट्य तिथे पडलं आहे. पद दोन मिनिटांचं करा, रुक्मिणीला त्या दोन मिनिटांत ऐकणारी बाई म्हणून जिवंत ठेवा, आणि वाचलेली पाच मिनिटं तिच्या गद्याला द्या. गायकाची दाद थोडी कमी होईल. पण घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो तेव्हा हे कुणाच्या मनासारखं चाललंय ते प्रेक्षकाला कळेल, आणि तो हसेल. नारदाचंही तसंच. त्याची दोन भजनवजा पदं ठेवून त्याचा खोडकरपणा काढून टाकला, तर नारद हा चिपळ्या घेतलेला गायक तेवढा उरतो.

आमच्याकडच्या तालमीत आम्ही एकदा उलटं करून बघितलं. मोठी पदं मुखडा आणि एक अंतरा एवढ्यावर आणली आणि एरवी पुस्तकातच राहणाऱ्या साक्या-दिंड्या गाऊन बघितल्या. नट आधी नाराज होते. दुसऱ्या तालमीपासून त्यांना मजा येऊ लागली, कारण प्रत्येकाला समोरच्याला उत्तर द्यावं लागत होतं. मलाही हात आखडून बसायला वेळ मिळेना. तबलजी म्हणाला, आज पहिल्यांदा नाटकाला ठेका धरला.

तुम्ही म्हणाल, या छोट्या पदांच्या चाली कुठे मिळतात? बऱ्याच ठिकाणी मिळत नाहीत, हे खरं आहे. छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून त्या काळच्या एखाद्या गाण्याची ओळ दिलेली असते, आणि ते मूळ गाणंच आता कुणाच्या तोंडी नाही. मग ही अडचण आहे की मोकळीक? किर्लोस्करांनी त्यांच्या प्रेक्षकांच्या कानावर रोज पडणाऱ्या चाली उचलल्या होत्या. तुमच्या संगीतकाराला आज तेच करू द्या. ज्या पदांच्या चाली लोकांच्या जिभेवर आहेत त्यांना हात लावू नका. पण विसरलेल्या पन्नास-साठ पदांना नव्या चाली लागल्या, त्यात ओवी आली, गोंधळ आला, पोवाड्याची फेक आली, आजच्या मुलांच्या बोलण्याची लय आली, तर अण्णासाहेबांच्या पद्धतीपासून तुम्ही एक पाऊलही दूर जात नाही. मूळ संहितेतला शब्द राहील आणि कान आजचा असेल.

'मानापमान'चं दुखणं थोडं वेगळं आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे पहिलं संगीत नाटक. त्याआधी त्यांचं 'कीचकवध' सरकारने बंद पाडलेलं, टिळक मंडालेच्या तुरुंगात. अशा दिवसांत या माणसाने एका श्रीमंत मुलीची आणि एका सेनापतीची प्रेमकथा लिहिली ती नुसती लाडीगोडी म्हणून नव्हे. धैर्यधराकडे पैसा नाही, पण तो मनगटाच्या जोरावर उभा आहे. लक्ष्मीधराकडे पैसा आहे आणि तो भित्रा आहे. भामिनी पहिल्याला नाकारते, मग वेश बदलून, वनमाला होऊन त्याच्या छावणीत जाते आणि हळूहळू तिचे डोळे उघडतात. हे हळूहळू उघडणं गद्यात आहे. त्या प्रवेशांना कात्री लागली की भामिनी एका पदात रुसलेली आणि पुढच्या पदात विरघळलेली दिसते, आणि आजच्या मुलीला ती मूर्ख वाटते. ती मूर्ख नाही. या नाटकातला सगळ्यात मोठा प्रवास तिचाच आहे. 2025 च्या जानेवारीत याच नावाचा चित्रपट आला. त्याने कथा, संगीत सगळंच आपल्या माध्यमाप्रमाणे नव्याने मांडलं. चित्रपटाला ते स्वातंत्र्य आहे. रंगभूमीवर तुमच्या हातात खाडिलकरांचं गद्य आहे, ते अजून नीट बोलून तरी बघा.

जुन्यात बदल करणं म्हणजे पाप, असं म्हणणारे प्रेक्षक तुम्हाला भेटत असतील. त्यांना तुम्ही इतिहास सांगा. 'सौभद्र' पहिल्यांदा उभं राहिलं ते तीनच अंकांचं, उरलेलं नंतर आलं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' आधी 'फाल्गुनराव' या नावाचं गद्य नाटक होतं आणि त्याच्या मुळाशी मोलिएरचा फार्स होता. पदं घालून ते 1916 मध्ये संगीत झालं. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले आणि 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग पुढच्याच महिन्यात बडोद्याला झाला. त्यातली पदं गडकऱ्यांची नाहीतच, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. आणि 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या मंडळींनी 'आंधळ्यांची शाळा' केलं, तेव्हा त्यांनी पदांनाच कात्री लावली, मोजकी भावगीतं ठेवली, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. बदल करणारे आपण पहिले नाही. मात्र त्यांच्यातल्या प्रत्येकाने नाटक अधिक चांगलं उभं राहावं म्हणून बदल केला, तेवढंच आपल्यालाही विचारलं जाईल.

आता सिंधूबद्दल. 'एकच प्याला' करताना तुमच्यातले बरेच जण इथे अडतात, ते मी तालमीत पाहिलं आहे. नवरा दारूपायी संसार धुळीला मिळवतो, पोटचं मूल त्याच्या हातून जातं, आणि सिंधू मरतानाही त्याला वाचवायला खोटं बोलते. आजच्या प्रेक्षागृहात या जागी बायका अस्वस्थ होतात, आणि व्हायलाच हव्यात. त्यावर सोपे उपाय दोन. एक म्हणजे सिंधूच्या तोंडी आजचं एखादं भाषण घालायचं. दुसरा, जुनं नाटक आहे, सोडून द्या, म्हणून जसंच्या तसं गाऊन टाकायचं, म्हणजे करुण पदांवर टाळ्या पडतात आणि मार खाणारी बाई गोड वाटू लागते. दोन्ही नकोत. गडकऱ्यांनी नाटकात गीता ठेवली आहे. सिंधूच्या नवऱ्याच्या दारूतल्या सोबत्याची, तळीरामाची बायको. ती नवऱ्याला तोंडावर ऐकवते, तिची जीभ तिखट आहे, आणि सिंधूच्या सोसण्यासमोर तिचं न सोसणं उभं आहे. गीतेचा एकही प्रवेश कापू नका. तिला उत्तम नटी द्या. सिंधूची पदं निम्मी करा आणि गायिकेला सांगा, इथे गळा दाखवायचा नाही. सिंधू दळण दळताना, रिकाम्या पाळण्याशी बसून गाते तेव्हा तिला श्वास पुरत नाही, ती ताना कुठून घेणार? माझ्याकडून म्हणाल तर त्या पदांना मी ऑर्गन बंद ठेवायला तयार आहे. सिंधूने स्वतःच्या आवाजाच्या आधारावर गावं. लेखकाचा एक शब्द न बदलता नाटकाचा काटा फिरेल.

'शारदा'ला तर बदलाचीही फारशी गरज नाही. देवलांचं 1899 चं नाटक. पैशासाठी बाप कोवळ्या मुलीला पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला द्यायला निघतो. हल्ली ते करताना नऊवारी, नथी, पगड्या यांची इतकी हौस केली जाते की सगळं लग्नाच्या अल्बमसारखं दिसायला लागतं, आणि हे लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षितावर लोक निवांत हसतात, कारण हे सगळं आजोबा-पणजोबांच्या काळातलं. ते तसं नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांनी आपलं लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचं सांगितलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट आहे. मुलीला एकटी कुठे ठेवायची, म्हणून कोयत्यावर जाण्याआधी तिचं लग्न उरकलं जातं. 'शारदा' तिथे न्या. बीडमध्ये, परळीला, कारखान्याच्या पटांगणात, एक ऑर्गन आणि एक तबला घेऊन. वेश साधे ठेवा. देवलांची पदं बोलण्याइतकी सोपी आहेत, ती म्हणायला फार मोठा गळा लागत नाही, आणि तिथल्या शाळकरी मुलींना एकदा ऐकून पाठ होतील. शेवटाचा मात्र विचार करा. नाटकात हे लग्न मोडतं ते सगोत्र निघाल्यामुळे. म्हातारा आणि पोर ही जोडीच अमानुष आहे म्हणून ते मोडत नाही. त्या काळात देवलांना शास्त्राचा आधार घेतल्याशिवाय वाट नव्हती. आजच्या दिग्दर्शकाने ही पळवाट लपवू नये. ती पळवाट आहे हे प्रेक्षकाला दिसू द्यावं. गोत्र वेगळं असतं तर? हा प्रश्न घेऊन माणूस बाहेर पडला तर सव्वाशे वर्षांपूर्वीचं नाटक आज घडलं.

'कट्यार काळजात घुसली' पुन्हा आणलं की हमखास चालतं, याचं कारण मला साधं वाटतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या त्या नाटकातली माणसं गाणारीच आहेत. खाँसाहेब का गातात असा प्रश्न कुणाला पडत नाही. त्यांच्या गाण्यावर त्यांचा मान, त्यांचं घर आणि त्यांचा मत्सर टांगलेला आहे. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी 1967 मध्ये प्रत्येक पदाला कथेत जागा शोधून दिली. पण 'कट्यार' चाललं म्हणून 'सौभद्र'ही तसंच गायचं, हा हिशेब चुकतो. कृष्ण घराण्याचा गवई नाही.

गाणी असली की नवा प्रेक्षक येत नाही, ही भीती तर 'संगीत देवबाभळी'ने पुसून टाकली आहे. 2017 च्या अखेरीस ते आलं. रंगमंचावर दोन बायका, तुकारामांची बायको आवली आणि लखूबाई, पायातला काटा, घरातलं काम, आणि त्या कामातून वर येणारे अभंग आणि गाणी. दोघी स्वतः तिथे गातात. तरुण मुलं रांगा लावून ते बघायला आली, दोन-दोनदा आली. संगीत नाटक मेलं असं लेख लिहून सांगितलं जात होतं त्याच दिवसांत हे घडलं. त्यात तानांची आतषबाजी नाही. एकही गाणं काढून टाकता येत नाही असं ते बांधलेलं आहे, आणि मला वाटतं किर्लोस्करांना ते नाटक आपलंच वाटलं असतं.

जाता जाता एक सुचवतो. फिरून फिरून चार-पाच नाटकंच केली जातात. मो. ग. रांगणेकरांचं 1942 चं 'कुलवधू' घ्या ना कुणीतरी. स्वतःच्या कामाने नाव मिळवणारी बायको आणि तिचं यश न पेलणारा नवरा. हे नाटक आज दादरच्या किंवा कोथरूडच्या कुठल्याही घरात घडतं आहे. पदं मोजकी, प्रवेश सुटसुटीत, मास्टर कृष्णरावांच्या चाली. कात्री लागणारच नाही फारशी.

गाणारे नट मिळत नाहीत, ही तुमची अडचण मला मान्य आहे. पण आपण शोधतो ते गायक, आणि मग त्यांना अभिनय शिकवतो. चांगला बोलणारा, सुरात असणारा नट घेऊन त्याला पंधरा छोटी पदं शिकवणं जास्त सोपं आहे. पुण्यात भरत नाट्य संशोधन मंदिर 1894 पासून उभं आहे, शिलेदार मंडळींनी 'मराठी रंगभूमी'च्या माध्यमातून पिढ्या घडवल्या, रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था गाणं आणि नाटक दोन्ही सांभाळते आहे, राज्य संगीत नाट्य स्पर्धेला अजूनही गावोगावचे संघ उतरतात. गोव्यात तर देवळाच्या जत्रेत, उत्सवात, गावातला शिक्षक, बँकेतला कारकून आणि बागाईतदार मिळून संगीत नाटक करतात आणि मंडपात पोरंटोरं मांडी घालून बघतात. तिथल्या मुलांच्या कानाला पदातून बोलणं परकं वाटत नाही. तुमचे नट निवडायला मुंबई-पुण्याच्या बाहेर या.

आवाजाबद्दल थोडकंच. प्रत्येकाच्या गालाला माइक चिकटवून, मागे की-बोर्डवर तंतुवाद्यांचा पूर भरून पद मोठं होत नाही, नट छोटा होतो. ऑर्गन मिळत नाही असं म्हणू नका. रत्नागिरी जिल्ह्यात हौसेने नवे ऑर्गन घडवले गेले आहेत. आणि कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, नेमकं या गायक-नटाच्या, केशवरावांच्या, जयंतीच्या आदल्या रात्री. जिथे जिथे नाट्यगृहं नव्याने बांधली जात आहेत तिथे वादकांना नटाचा चेहरा दिसेल अशी जागा राखून ठेवा, हा आग्रह तुम्ही धरलात तर तो ऐकला जाईल.

आता हक्कांचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं संपली की संहिता सर्वांची होते. किर्लोस्कर, देवल, गडकरी, आणि 1948 मध्ये गेलेले खाडिलकर, या सगळ्यांची नाटकं आता कुणाच्याही परवानगीशिवाय करता येतात. विचारायला कुणी नाही म्हणूनच जाहिरातीत स्पष्ट छापायला हवं: रंगावृत्ती कोणाची, पदं किती ठेवली, नव्या चाली कोणाच्या, शेवट बदलला असेल तर बदलला आहे. ते झाकून 'मूळ संहितेनुसार' असं लिहिणं प्रेक्षकाशी बरं नाही. आणि प्रयोग संपल्यावर ती रंगावृत्ती छापा किंवा महाजालावर ठेवा, म्हणजे पुढच्या गावातल्या हौशी संस्थेला पुन्हा पहिल्यापासून कात्री चालवावी लागणार नाही. काय कापलं आणि का कापलं हे मागे राहिलं, तर तुमच्याशी भांडायलाही पुढच्या पिढीला काहीतरी हाताशी असेल.

31 ऑक्टोबर 2030 ला 'शाकुंतल'ला दीडशे वर्षं पूर्ण होतील, आणि दोन वर्षांनी 'सौभद्र'ला. तेव्हा समारंभ होतील, शाली दिल्या जातील, आणि नाट्यगीतांच्या मैफलींचा हंगाम येईल हे मला आत्ताच दिसतं आहे. मैफली होऊ देत, मीच कुठल्यातरी मैफलीत वाजवत असेन. पण त्या वर्षी महाराष्ट्रात आणि गोव्यात 'शाकुंतल' नाटक म्हणून पूर्ण उभं राहिलेलं दिसावं, छोट्या पदांसकट, धावत्या गद्यासकट. त्यासाठी चाली बसवायला, नट शोधायला वर्षं लागतील, म्हणून आजच लिहितो आहे.

आणि एक विनंती, ही अगदी माझ्या जागेवरून. तुमच्याकडून तालमीचं बोलावणं येतं तेव्हा आम्हा वादकांच्या हातात पदांची यादी मिळते: पद, राग, पट्टी, ताल. पुढच्या वेळी पूर्ण संहिता द्या. पद कुठल्या वाक्यानंतर येतं आणि ते ऐकणारं माणूस त्यावर काय म्हणतं, ते आम्हाला आधी वाचायचं आहे.

आपला स्नेहांकित,
एक ऑर्गनवादक